भंगारातलं इंजिन: फोर्डच्या व्ही-८ पासून बीएमडब्ल्यूच्या म्हाताऱ्या ब्लॉकपर्यंत

आपले भाग ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणारे जास्त आहेत हे मला आता कळून चुकलंय. त्यामुळे माझे 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातून करतो. मी दुसरी-तिसरीत असताना आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. बाबांनी ती सेकंडहँड घेतलेली, आणि काही वर्षांत ती पेट्रोलइतकंच ऑइल प्यायला लागली. मागून निळा धूर. रीबोअर करायचं म्हटलं तर पंधरा दिवस गाडी उभी. तेव्हा आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, कशाला त्या भानगडीत पडता? मुंबईहून जुनं इंजिन आणू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर." इंजिन टेम्पोतून आलं. बाहेरून धुतलेलं, वर चंदेरी रंग मारलेला. विकणाऱ्याने एकच वाक्य सांगितलं होतं: चालू गाडीतून काढलंय. मिस्त्रींनी ऑइल बदललं, प्लग आणि पॉइंट नवे टाकले, आणि इंजिन बसवलं. चालूही झालं लगेच. आम्ही पेढे वाटले होते, खरंच.

तिसऱ्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला परत येताना खंबाटकी घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. बाबांनी गाडी कडेला घेतली, फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफेचा फवारा उडाला, आणि बाबांनी दोन बाटल्या पाणी आत ओतलं. कसेबसे घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, थेट फेसाळ कॉफीसारखं. ब्लॉकला आतून तडा गेला होता आणि पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं. इंजिन गेलं, त्याच्या मागोमाग काही महिन्यांनी गाडीही गेली. बाबा त्या विकणाऱ्याला पुढची वीस वर्षं शिव्या देत राहिले.

हे सगळं मी विसरूनही गेलो होतो. मग मागच्या वर्षी अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचा इतिहास वाचत होतो, आणि लक्षात आलं की 'चालू गाडीतून काढलंय' या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न १९३० आणि ४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हजारो पोरांनी सोडवला होता. आजचा भाग त्याचाच आहे.

तर १९३२ साल. अमेरिकेत महामंदी. त्या वर्षी हेन्री फोर्डने व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर नव्हतं असं नाही. कॅडिलॅककडे ते १९१४ पासून होतं. पण ती श्रीमंतांची गोष्ट. सिलिंडरच्या दोन रांगा आणि खालचा क्रँककेस वेगवेगळे ओतायचे आणि मग बोल्टने जोडायचे, असा तो महागडा प्रकार. फोर्डचा हट्ट असा, की सगळं एकाच ओतकामात झालं पाहिजे. त्याच्या माणसांनी ते जमवलं. २२१ घनइंच म्हणजे साधारण ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती, आणि गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं हे पहिलं मोठं व्ही-८.

आता गाडी लाखोंनी विकली गेली की काही वर्षांत ती भंगारातही तशीच येते. कोणी झाडावर आदळतं, कोणी उलटतं, कोणाचे हप्ते थकतात. पत्रा चेमटतो, इंजिन मात्र वाचतं. लॉस एंजेलिसच्या आजूबाजूच्या पोरांकडे जुन्या मॉडेल टी किंवा मॉडेल ए गाड्या होत्या. मॉडेल ए चं चार सिलिंडरचं इंजिन ४० अश्वशक्तीचं. ते उतरवायचं, मडगार्ड काढून गाडी हलकी करायची, आणि भंगारातलं व्ही-८ त्यात बसवायचं. मग शहराबाहेर म्युरॉक किंवा एल मिराज इथल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर जाऊन वेग मोजायचा. १९३७ मध्ये या क्लबांनी मिळून एक संघटनाही काढली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. ती आजही आहे.

या इतिहासाची पुस्तकं आणि माहितीपट वेगाच्या आकड्यांनी भरलेले असतात. कोणी किती मैलांनी पळवली, कोणाचे किती कार्ब्युरेटर होते, कोणाचा क्रोम किती चमकत होता. मला त्यात सगळ्यात रंजक वाटली ती जागा म्हणजे कॉस्टिक सोड्याची टाकी.

कारण हे फोर्डचं इंजिन होतंच तसं. त्याला फ्लॅटहेड म्हणतात. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. फ्लॅटहेडमध्ये ते ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी उभे. वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. बनवायला स्वस्त, बसवायला सोपं. पण एक्झॉस्टचा धगधगता वायू बाहेर काढायचा तर तो ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या पोकळ्यांमधून जाणाऱ्या नळीतून बाहेर न्यावा लागे. त्यातही मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट. म्हणजे जे पाणी इंजिन थंड ठेवायला फिरतंय, त्यालाच एक्झॉस्ट वाटेत तापवतोय. फ्लॅटहेड गरम होतं ही तक्रार त्याच्या जन्माइतकीच जुनी आहे.

त्यात भर वाळूची. ओतकाम करताना आतल्या पोकळ्या तयार होण्यासाठी वाळूचे साचे ठेवतात, ज्यांना कोअर म्हणतात. ओतून झालं की ती वाळू फोडून काढायची. या ब्लॉकच्या आतल्या वाटा इतक्या वाकड्यातिकड्या, की थोडी वाळू आणि साचा बांधायच्या तारांचे तुकडे आतच राहून जायचे. मग वर्षानुवर्षं पाणी फिरलं की गंजाचा चिखल त्या वाळूवर बसायचा. इंजिन बाहेरून कितीही धुवा, रंगवा, आतल्या वाटा बुजलेल्याच. शहरात सावकाश चालणाऱ्या गाडीत हे खपून जातं. तेच इंजिन हलक्या गाडीत टाकून तळ्यावर पूर्ण दाबलं की पाच मिनिटांत उकळतं. आणि उकळलं की एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे तडा जातो. फ्लॅटहेडचा हा अगदी ठरलेला आजार.

म्हणून ज्यांना खरंच कळायचं ते भंगारातून आणलेलं इंजिन आधी पूर्ण नागडं करायचे. हेड, पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, सगळं बाहेर. पाण्याच्या पोकळ्यांवरचे पत्र्याचे प्लगसुद्धा ठोकून काढायचे. हे महत्त्वाचं, कारण ते तसेच ठेवले तर आतला चिखल निघायला वाटच नाही. मग रिकामा ब्लॉक गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचा. तेल, ग्रीस, रंग सगळं सुटतं. बाहेर काढून प्रत्येक भोकातून तारेने खरवडायचं, पाण्याचा जोर मारायचा, आणि ब्लॉक उलटा करून वाळू पडते का बघायचं. पडली की परत. कंटाळवाणं, हात भाजणारं, आणि फोटो न निघणारं काम.

ब्लॉक स्वच्छ झाला की मगच खरी तपासणी. डोळ्याला न दिसणारा तडा कसा शोधायचा? इथे युद्ध मध्ये येतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत एका माणसाच्या लक्षात आलं होतं, की चुंबकाने धरून ठेवलेल्या पोलादी भागावर घासकामाचा कीस पडला तर तो जिथे चीर आहे तिथे रांगेने गोळा होतो. कारण साधं आहे. लोखंड चुंबकित केलं आणि त्यात चीर असली की चुंबकीय क्षेत्र त्या जागी बाहेर सांडतं, आणि लोखंडाची भुकटी तिथे ओढली जाते. केसाएवढी चीर काळ्या रेघेसारखी उमटते. १९३० च्या दशकात याचा धंदा उभा राहिला, मॅग्नाफ्लक्स या नावाने, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनाचे भाग तपासण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरली गेली. विमानाच्या क्रँकला आकाशात तडा गेला तर गाडी कडेला घेता येत नाही.

युद्ध संपलं आणि ही पोरं परत आली. त्यांतली बरीच हवाई दलात मेकॅनिक किंवा कर्मचारी होती. कॅमशाफ्ट घासणारा एड इस्केंडेरियन हवाई दलातून आलेला. १९४६ मध्ये सो-कॅल स्पीड शॉप काढणारा अ‍ॅलेक्स झिडियासही तसाच. त्याच वर्षी बिल बर्कने लढाऊ विमानाच्या पोटाखालची जादा पेट्रोलची टाकी सरकारी भंगारातून घेतली आणि तिच्यात चाकं-इंजिन बसवून शर्यतीची गाडी केली. फोटो बघा, थेंबासारखी दिसते. पण टाकीबरोबर ते आणखी एक गोष्ट घेऊन आले होते, आणि ती फोटोत दिसत नाही: भाग तपासल्याशिवाय जोडायचा नाही ही सवय. शर्यतीच्या इंजिनांचे ब्लॉक आणि क्रँक मॅग्नाफ्लक्सला पाठवणं हळूहळू नेहमीचं झालं.

याला पैशाचंही कारण होतं. फ्लॅटहेडमधून ताकद काढायची तर सिलिंडर मोठे करायचे. मर्क्युरीचा १९४९ चा क्रँक चार इंच स्ट्रोकचा, तो फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसायचा. काही जण क्रँक आणखी ऑफसेट घासून स्ट्रोक ४ पूर्णांक १/८ इंच करायचे, आणि बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच. मी गुणाकार करून बघितला, सुमारे २९५ घनइंच येतात. २२१ पासून २९५. पण एवढं बोअर केल्यावर सिलिंडरची भिंत किती उरते? आणि ओतताना साचा जरा सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत आधीच पातळ असते. म्हणजे लेथवाल्याला पैसे द्यायच्या आधी कळायला हवं की हा ब्लॉक त्या लायकीचा आहे का. तडा नंतर सापडला तर बोअरिंगचे पैसे पाण्यात. अक्षरशः.

इथे एक कबुली. मी रोजीरोटीसाठी कोड लिहितो. आमच्याकडे दहा वर्षं जुनं एखादं मॉड्यूल उचलून नव्या सिस्टिममध्ये टाकायचं असलं की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, प्रॉडक्शनमध्ये चालू आहे ते." म्हणजे चालू गाडीतून काढलंय. जुन्या गाडीत ते ताशी चाळीसने चालत होतं, हे कोणी सांगत नाही.

पुढचा भाग पटकन सांगतो. १९४९ मध्ये ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकची वर व्हॉल्व्ह असलेली नवी व्ही-८ आली, १९५३ नंतर अमेरिकेत फोर्डने फ्लॅटहेड थांबवलं, १९५५ मध्ये शेव्हरोलेचं छोटं, हलकं व्ही-८ आलं आणि पोरांनी फ्लॅटहेडला रामराम केला. इंजिन बदललं, पण टाकी, भुकटी आणि मायक्रोमीटर राहिले. आणि या लोकांच्या बोलण्यात एक शब्द पक्का झाला, 'सीझन्ड ब्लॉक'. मुरलेला ब्लॉक. जाणकार सांगू लागले, की बोअर करायला अगदी कोऱ्या ब्लॉकपेक्षा चांगला चाललेला जुना ब्लॉक बरा.

मला हे आधी उलटं वाटलं. आत्तापर्यंतची सगळी गोष्ट जुन्या इंजिनावर संशय घेण्याची, आणि आता तेच जुनं चांगलं? याचं उत्तर म्युनिकमध्ये मिळालं.

बीएमडब्ल्यूची १५०० नावाची चार दारांची घरगुती गाडी १९६२ पासून रस्त्यावर आली. तिचं दीड लिटरचं चार सिलिंडर इंजिन अ‍ॅलेक्स फॉन फाल्केनहाउझेनच्या देखरेखीखाली बनलेलं, ताकद ८० अश्वशक्ती, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. हेच इंजिन, वेगवेगळ्या आकारांत, १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिलं. १९८० च्या सुमारास बीएमडब्ल्यूला फॉर्म्युला वनमध्ये यायचं होतं. नियम असे की टर्बो लावला तर इंजिन दीड लिटरचंच हवं. पॉल रोशे हा त्यांचा इंजिनवाला. त्याने नवं इंजिन न बनवता या घरगुती ब्लॉकवरच टर्बोचं शर्यतीचं इंजिन उभं केलं, आणि त्याला बॉशची डिजिटल नियंत्रण यंत्रणा जोडली. (माझ्या पेशातल्या लोकांसाठी: तो सगळा वेगळा भाग होईल. करू कधीतरी.)

या इंजिनाबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाते ती गोष्ट अशी, की रोशेची माणसं कोरे ब्लॉक न घेता लाखभर किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे ब्लॉक शोधायची. ते कारखान्याबाहेर उन्हापावसात पडलेले असायचे. कामगार येता-जाता त्यांवर लघवी करायचे अशीही एक दंतकथा आहे, ती मी दंतकथा म्हणूनच सांगतोय. पण चाललेला ब्लॉक कशाला हवा, यामागचं धातुशास्त्र मात्र दंतकथा नाही.

ओतलेलं लोखंड गार होतं तेव्हा पातळ भाग आधी गार होतो, जाड भाग नंतर. एक आकसून बसलेला, दुसरा अजून आकसतोय. त्यामुळे गार झालेल्या ब्लॉकच्या आत ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. अशा ब्लॉकला तुम्ही अगदी गोल बोअर मारला, तरी तो तापून गार होत राहिला की आतला ताण हळूहळू सुटतो आणि गोल बोअर किंचित लंबगोल होतो. घरगुती गाडीत किंचितने काही बिघडत नाही. दीड लिटरमधून सहाशेच्या वर अश्वशक्ती काढायची असेल तर सगळंच बिघडतं. उलट जो ब्लॉक वर्षानुवर्षं रोज तापलाय आणि रोज गार झालाय, त्याचा ताण बराचसा सुटून गेलेला असतो. तो आता हलणार नाही. जुने यंत्र बनवणारे कारखानेही म्हणूनच मोठी ओतकामं महिनोन्महिने उघड्यावर ठेवायचे. हेच काम भट्टीत नेमक्या तापमानाला तापवून, सावकाश गार करूनही होतं, आणि आज तसंच करतात.

आपल्याकडे बिडाचा तवा मुरतो म्हणतात, तो प्रकार वेगळा. तिथे तेलाचा थर बसतो. पण बिडाच्या तव्याची दुसरी गोष्ट इथे तंतोतंत लागू आहे. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तो तडकतो. त्यासाठी मी आजीचा मार खाल्लाय.

१९८२ मध्ये हे इंजिन ब्रॅबम संघाच्या गाडीत आलं. जूनमध्ये डेट्रॉइटला आदल्या वर्षीचा विजेता नेल्सन पिके शर्यतीसाठी पात्रसुद्धा ठरला नाही, इतकं इंजिनाने छळलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात मॉन्ट्रियलला तोच माणूस त्याच इंजिनावर पहिला आला. आणि १५ ऑक्टोबर १९८३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला प्रॉस्टचा टर्बो गेला, पिके तिसरा आला आणि ५९ विरुद्ध ५७ गुणांनी जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावर जिंकलेलं हे ड्रायव्हरचं पहिलं जगज्जेतेपद. पाया मात्र वीस वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक गाडीचा.

म्हणजे फ्लॅटहेडवाले आणि म्युनिकवाले एकमेकांच्या विरुद्ध बोलत नव्हते. चाललेल्या ब्लॉकचा ताण गेलेला असू शकतो, तसाच तो तडकलेलाही असू शकतो. दोन्ही त्याच तापण्या-गार होण्याने घडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि चंदेरी रंग मारला की तर जुळे भाऊच. कुठला कुठला, हे टाकीतून काढल्यावर आणि भुकटी टाकल्यावरच कळतं.

आणखी एक गोष्ट मला यातच कळली. तडा जुना असेल तर उघडल्यावर त्याच्या आतल्या भिंती गंजलेल्या, काळपट दिसतात. ताजा असेल तर धातू चकचकीत, करडा. म्हणजे आमचा ब्लॉक भंगारात जायच्या आधी कोणी तो फोडून नीट बघितला असता, तर तडा विकणाऱ्याकडून आलेला की घाटातला, हे तिथल्या तिथे कळलं असतं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. फोर्ड, वाळू, पिके, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. गंजलेला तडा आणि चकचकीत तडा इथपर्यंत आलो तेव्हा म्हणाले, "थांब जरा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

"त्या बाटल्या," ते म्हणाले, "तुझी आई नको म्हणत होती. जरा गार होऊ द्या म्हणत होती. खालच्या टपरीवरून आणलेल्या होत्या त्या. फ्रीजमधल्या."